पद्माकरकाकांचा पेरू

पेरू दिसला की उल्काला नागरवाड्याचं ते पटांगण आठवतं. साल चौऱ्याण्णव. मांडी मागून लचकली, की खो-खो शिकवणारे पद्माकरकाका जमिनीवर पेरू ठेवत. गुडघे न वाकवता उचलला, तरच खेळायचं.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी उल्का वाकली, आणि हळूच गुडघाही वाकवला.

"लबाडे! पाय सरळ."

पाय सरळ होताच बैठकीच्या हाडाखाली कळ उठली.

"पण काका, गुडघ्यापाशी काहीच दुखत नाही!"

"अगं, हा स्नायू खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जातो. दोन्हीकडून ताणल्यावरच खरं सांगतो. वर दुखावलाय, भरायला वेळ लागेल. उद्या बाहेर बसायचं."

उल्का रडली. काकांनी अर्धा पेरू तिच्या हातात ठेवला.

त्यानंतर ती आठ वर्षं धावली. आता तीच मुलींपुढे पेरू ठेवते. जिला उचलता येत नाही, तिला अख्खा देते.