निळ्या चौकड्यांचा तुकडा

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. एकाच छपराखाली राहून, एकाच चुलीवरचं खाऊन — तरी नाही. आता ते गेले. घरात ऐकणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे तोंड उघडते आहे. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

नागभीडच्या अलीकडे आमचं गाव. मी गोधडीच्या पिशव्या शिवते. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडायचे, मधे मऊ पडलेल्या धोतराचा थर, खाली अस्तर, आणि मग सगळीकडून दाट धावदोरा. लोक आपल्या माणसांचे कपडे आणून देतात — आईचं लुगडं, लेकराचं झबलं. ‘हे माझ्या आजीचं’ असं सांगतात आणि माझ्या हातात ठेवून निघून जातात. मागे वळून पाहतसुद्धा नाहीत. इतका विश्वास.

पंचफुला माझी शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. तिची भाजी माझ्याकडे, माझी तिच्याकडे. तिचा नवरा देवाजीभाऊ एका चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि वाघाने त्याला मारलं. लोकांनी त्याला चादरीत बांधून आणलं. ती चादर पंचफुलाला उघडू दिली नाही.

थोड्याच दिवसांनी ती माझ्याकडे आली. हातात देवाजीभाऊचा शर्ट — पांढऱ्यावर निळ्या चौकड्या, कॉलर घामाने पिवळी पडलेली.

"बाई, पोरगी चंद्रपूरले हॉस्टेलवर जाऊन राह्यली. ह्याची पिशवी करून दे तिले. बाप संगं असला तं तिले बरं वाटन."

"धुतला नाई का?" मी विचारलं.

"धुवू नोको. त्याचा वास हाय त्याले."

त्या वासाचंच मला भय वाटलं. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारी सांगायची — वाघाने मारलेल्याचं कापड घरात आणू नये, वाघ वासावर दाराशी येतो. आता तुम्ही म्हणाल, तू शिकलेली बाई, तुझ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर! खरं आहे. माझ्या वडिलांनी असल्या गोष्टींना घरात कधी थारा दिला नाही. मी स्वतः बचत गटात बायकांना बजावायची, अंगारेधुपारे करू नका म्हणून. पण तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर होता, आणि आमचे हे त्याच जंगलात पानं तोडायला जाणार होते. शर्ट मी घरात ठेवू शकले नाही. आधी गोठ्यात टांगला. मग कुंपणावर. ह्यांनी विचारलं, "हा शर्ट इथी काऊन?" मी म्हटलं, "वाऱ्याले टाकला."

परत देता आला नसता का? ‘फुला, माझ्याच्यानं होत नाही’ — एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती काय म्हणाली असती? गावात काय बोलले असते? मी भाषणं देणारी!

एका दुपारी सगळी आळी उन्हामुळे आत होती. मी मागच्या अंगणात पालापाचोळा पेटवला आणि त्यात तो शर्ट टाकला. बटणं वितळेपर्यंत तिथेच उभी राहिले.

इथपर्यंत भीती होती, असं समजा. पुढचं मात्र मी थंड डोक्याने केलं.

मूल गावच्या बाजारात एका शिंप्याच्या चिंध्यांत तसलंच कापड सापडलं. कुणाचं, कशाचं, काही माहीत नाही. मी ते सोड्यात उकळलं, दगडावर घासलं, उन्हात वाळवून पुन्हा घासलं — दहा वर्षं अंगावर वागवल्यासारखं दिसेपर्यंत. तरी त्याला वास येईना. मग ते ह्यांच्या उशीखाली घातलं. ते त्यावर झोपत राहिले, त्यांना पत्ताच नव्हता. बाईला नवऱ्याच्या घामाचा असाही उपयोग सुचावा!

पिशवी सुंदर झाली. खोटं कशाला बोलू — इतकी चांगली पिशवी मी आधी शिवली नव्हती. मधोमध निळ्या चौकड्या, भोवती पंचफुलाच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ. पंचफुलाच्या लेकीने, प्रणालीने, ती हातात घेतली, तोंडाशी नेली, आणि कितीतरी वेळ बाजूला केलीच नाही.

"आई, बाबाचाच वास येते न वं."

पंचफुला रडत रडत माझा हात दाबत होती. मी तो सोडवून घेतला आणि चहा ठेवायला आत गेले.

त्यानंतर मला तिच्यासमोर बसवेना. ती आली की मी कामात. ती बोलवायची, तर माझं डोकं दुखायचं. भाजीची वाटी एकदा रिकामीच परत केली. मग तिच्याकडूनही येईनाशी झाली. तिला वाटलं असेल, विधवा झाली म्हणून मी टाळते. वाटू दिलं. ते वाटणं मला सोयीचं होतं.

पुढे आमचे हे काविळीने गेले — जंगलात नाही, घरातल्या बाजेवर. पंचफुला न बोलावता आली. तिने मला आंघोळ घातली, बळेच दोन घास भरवले, रात्री माझ्या शेजारी आडवी झाली. तेव्हाही सांगता आलं असतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

या उन्हाळ्यात प्रणाली आली. आता गडचिरोलीला नर्स आहे. पिशवीची एक बाजू उसवली होती.

"मावशी, तुमच्याच हातानं पायजे."

मी शिवत बसले, ती समोर उंबऱ्यावर बसली. दवाखान्यातल्या गमती सांगू लागली, मधेच हसली. माझ्या उंबऱ्यावर कुणी असं बसल्याला किती काळ झाला होता! मी मुद्दाम बारीक टाके घालत होते. मग ती म्हणाली, "आई म्हणे, बाबाच्या शर्टाचा तुकडा उरला असन तं मागून आन. तिच्यापाशी त्याचं काईच नाई."

‘नाही उरला’ — हे म्हणणं किती सोपं होतं. शिवाय ते खरंही होतं. पण मग ती उठून गेली असती.

मी आत गेले. पेटीच्या तळाशी बाजारातलं ते कापड हातभर शिल्लक होतं. कडा दुमडून चारी बाजूंनी टीप मारली, घडी केली आणि तिच्या हातात दिलं. या वेळी कोणत्याही वाघाचं भय नव्हतं. जंगलात जाणारं माझं कुणी नव्हतंच.

पंचफुला ते उशाशी घेऊन झोपते. पुन्हा माझ्याकडे भाजी पाठवू लागली आहे. संध्याकाळी तिच्या अंगणातून हाक येते, "बाई, जेवली का?"

"जेवली," मी सांगते.