आधी पाय धुवून या

माझे पाय धुण्याआधी ते माझ्याकडून दोनदा धुवून घेतले होते.

चर्चच्या मागे नळ आहे. त्या नळाखाली मी उकिडवी बसले होते. हातात काथ्या आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी. वय एकोणीस. शेजारी सिस्टर उभ्या होत्या. त्या निवृत्त नर्स, चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींची बायको. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात.

"टाचा घास," त्या म्हणाल्या. "भेगांमधलं निघेपर्यंत घास. पाणी काळं झालं की फोटोत दिसतं."

मी घासलं. त्यांनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, "अजून."

मी परत घासलं. डाव्या टाचेतून रक्त आलं. त्यांनी पर्समधून कापूस काढून दिला. रक्त थांबेपर्यंत दोघीही थांबलो. मग मी आत गेले आणि खुर्चीवर बसले.

तो उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचा गुरुवार. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण आमच्या मंडळीत दरवर्षी संध्याकाळी करतात. पुढे बारा खुर्च्या मांडतात. अकरांवर जुन्या घराण्यांतली माणसं बसतात. शिक्षक, क्लार्क, निवृत्त साहेब. बारावी खुर्ची भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या माणसाची. ती आमची. पुण्याहून पाहुणे आले की कॅमेरा तिकडेच वळायचा.

पाळकसाहेब माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. पितळी घंगाळातलं कोमट पाणी त्यांनी माझ्या पायांवर ओतलं आणि टॉवेलने पाय पुसले. मी रडले. सगळ्यांना वाटलं, देवाने हिला स्पर्श केला. मलाही तसंच वाटलं. टाच चुरचुरत होती, तेही मी देवाच्याच नावावर टाकलं.

पुढची अकरा वर्षं ती खुर्ची माझी. नंतर नळावर नेण्याची गरज उरली नाही. मी घरूनच घासून जायची. आठवडाभर आधीपासून टाचांना तेल लावायची. शहाणी झाले होते ना.

अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची भिलाटी. तीसेक घरं. मी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात आया आहे; चर्चही शहरातच. एसटीने जाते, एसटीने येते. दवाखान्यात माणसं जशी येतात तशीच आम्ही घेतो. उलटीने भरलेली, चिखलाने माखलेली. आधी बरा होऊन ये, मग दाखल करतो, असं तिथे कोणी म्हणत नाही. हे माझ्या डोक्यात अकरा वर्षांत एकदाही का आलं नाही, याचा मला आज राग येतो. स्वतःचाच.

त्याच अकरा वर्षांत मंडळीत शिष्यत्वाचं वारं आलं. प्रत्येक सभासदाने शिष्य करावेत, असं ठरलं. तीन दिवसांचं शिबिर झालं. फळ्यावर बाण आणि गोल काढले. सेक्रेटरी भाऊसाहेब मला म्हणाले, "भिलाटी तुझी. तिथे आमच्यापेक्षा तुझं ऐकतील." भाऊसाहेब दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले, बोलायला गोड. मला आभाळ ठेंगणं झालं. पहिल्यांदा कोणी मला काम दिलं होतं, नुसती खुर्ची नव्हे.

चार वर्षं मी दर मंगळवारी सखूअक्काच्या अंगणात बसले. अक्का साठीची, विधवा, रोजाने शेतात जाणारी. सगळी भिलाटी तिला घाबरते, कारण ती तोंडावर बोलते. तिच्यामुळे आणखी पाच जणी यायला लागल्या. वाचता कोणालाच येत नव्हतं. मी वचन वाचायची आणि आमच्या अहिराणी बोलीत सांगायची. शिबिरातले बाण आणि गोल मी केव्हाच विसरले होते.

पाय धुण्याची गोष्ट सांगितली तेव्हा अक्का कांदे निवडत होती. तिचे हात थांबले.

"देवनी पाय धुयात? माले त हसू येस माय."

आणि ती खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मग आपल्या पायांकडे बघत राहिली. त्या पायांना भेगा नाहीत, चरे आहेत. बोटं वाकडी. एका अंगठ्याला नख नाही.

"मना बी धुई का तो?"

"हो अक्का," मी म्हटलं. "सगळास्ना धुस."

मी खोटं बोलत नव्हते. पुस्तकात तसंच लिहिलंय. पण चर्चमध्ये काय होतं ते मला माहीत होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही. माझी चूक तिथे सुरू झाली.

त्या वर्षी सहाही जणींनी बाप्तिस्म्यासाठी नावं दिली. मी भाऊसाहेबांना विचारलं, यंदा बारावी खुर्ची अक्काला देऊ का? ते म्हणाले, "अरे वा! दे ना. नवीन चेहरा." मी पळतच अक्काकडे गेले.

गुरुवारी दुपारी सहा जणी रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या होत्या. पाच जणी नीट आवरून आलेल्या. अक्का शेतातून थेट आली होती. कांदे काढायचं काम सुरू होतं. लुगडं बदललेलं, केस विंचरलेले, पण पाय घोट्याच्या वरपर्यंत मातीचे. काळी माती, वाळून तडकलेली.

"अक्का, पाय धुयात नही का?"

"तठे धुतस ना? मंग आठेच काब्र धुऊ?"

तिथे धुतातच, मग इथे कशाला? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच बावळट. तिचं बरोबर होतं. चार वर्षं मी तिला जे शिकवलं ते तिने अक्षरशः खरं मानलं होतं. आख्ख्या मंडळीत ती गोष्ट खरी मानणारी ती एकटी निघाली. मला तिथेच तिला हापशावर नेता आलं असतं. एसटी आली आणि आम्ही चढलो.

चर्चमध्ये अक्का ताठ चालत गेली आणि बाराव्या खुर्चीवर बसली. चपला तिने दाराशी काढल्या होत्या. पांढऱ्या फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत तिची पावलं उमटली. गाणं चालू होतं. पेटीवाल्याने वर पाहिलं आणि त्याचा सूर चुकला.

सिस्टर उठून आल्या. "अहो बाई, हे काय? उठा. आधी मागे नळावर जा."

अक्काला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतायत. ती बसून राहिली.

पाळकसाहेब कमरेला टॉवेल बांधून उभे होते. घंगाळ त्यांच्या हातात. अक्का आणि त्यांच्यात फार तर चार पावलं. चार पावलं चालून ते खाली बसले असते तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब पहिल्या बाकावरून, अगदी गोड आवाजात म्हणाले,

"आधी पाय धुवून या, मग आपण धुऊ."

कोणी हसलं नाही. दीडशे माणसं बसली होती. पदव्या घेतलेली, वचनं पाठ असलेली. एकालाही त्या वाक्यात काही चुकीचं वाटलं नाही. या जुन्या घराण्यांतल्या पणजोबांचे पाय कधीकाळी कोणा मिशनऱ्याने तसेच, मातीसकट, हातात घेतले असतील. म्हणून तर ही घरं आज पहिल्या बाकावर आहेत. पण ते आता कोणाला आठवायचं नाही.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी उठले.

मी उठले, अक्काजवळ गेले, तिच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "अक्का, ऊठ. नळवर चाल."

हे मला कोणी करायला लावलं नाही. सिस्टरांचा हात माझ्या हातात नव्हता. माझाच हात होता.

अक्काने वर पाहिलं. हळू आवाजात विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं:

"तू सांगं व्हतं ते खोटं व्हतं का?"

माझा हात तिच्या दंडावर तसाच होता. ती उठली. नळाकडे गेली नाही. दाराशी गेली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी बाहेर पडली. मागून त्या पाच जणी. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

बारावी खुर्ची रिकामी होती. पुण्याच्या पाहुण्यांचे मोबाईल वर धरलेले. भाऊसाहेबांनी मला हाताने खूण केली, बस.

मी बसले.

माझे पाय स्वच्छ होते. सवयीने घासलेले. पाळकसाहेबांनी ते धुतले. पाणी काळं झालं नाही. येशूच्या अटकेच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, तेव्हा कोंबडा तरी आरवला होता. माझ्या वेळी पेटी वाजत होती, सुरात.

रविवारी शिष्यत्व-कार्याचा अहवाल वाचला गेला. भिलाटीतल्या सहा जणींची नावं घेतली, दोन चुकीची. मार्गदर्शन म्हणून सिस्टरांचं नाव. टाळ्या पडल्या. त्या सहांपैकी चर्चमध्ये एकही नव्हती, आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मंगळवारी मी अक्काकडे गेले. तिने चहा दिला. कांद्याच्या भावाचं बोलली, सुनेच्या दुखण्याचं बोलली. मी पिशवीतून बायबल काढलं तेव्हा ती उठून शेळीला पाणी पाजायला गेली. बाकीच्या पाच जणी आल्याच नाहीत. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती तोंडावर बोलणारी बाई माझ्याशी तोंडदेखलं गोड बोलली. त्या दिवशी मी तिला गमावलं, हे मला तिथेच कळलं. घरी येऊन मी चुलीपुढे बसून रडले. ते रडणं देवाच्या स्पर्शाचं नव्हतं. मी काय केलं ते मला नीट दिसत होतं.

वर्ष गेलं. परत तो आठवडा आला. सिस्टरांचा फोन. "गुरुवारी लवकर ये. पाय नीट घासून. आणि यंदा ती तुझी बाई नको गं."

मी टाचांना तेल लावलं नाही. गुरुवारी दवाखान्यातून सुटले आणि एसटी स्टँडमागच्या खोदलेल्या रस्त्याने मुद्दाम चालत गेले. बाराव्या खुर्चीवर बसले. पाळकसाहेब घंगाळ घेऊन आले. त्यांनी खाली पाहिलं आणि थांबले.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, असेच धुणार का?"

आवाज मोठा नव्हता. पण पेटी थांबली होती.

ते म्हणाले, "मुली, वातावरण बिघडवू नकोस."

"मग राहू द्या," मी म्हटलं. उठले. बाहेर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे पाय त्या घंगाळात गेले नाहीत.

सरळ भिलाटीत आले. घरातली कणीक मळायची परात घेतली, पाणी घेतलं, अक्काच्या अंगणात गेले. ती बाजेवर बसली होती. पाय मातीचे, नेहमीसारखे. मी परात तिच्यापुढे ठेवली आणि खाली बसले. हात पुढे केले.

अक्काने पाय वर ओढून घेतले.

"ठी दे ते पानी," ती म्हणाली. "मना पाय मी धुई लिसू."

मी परात तिथेच ठेवली आणि घरी आले. तिने मला माफ करावं असं काही मी केलेलं नाही. ती करणारही नाही.

पण मी ख्रिस्ती आहे. मी कुठेही जाणार नाही. आता दर रविवारी मी पहिल्या बाकावर बसते. पायाला लागेल ती माती घेऊन बसते. सिस्टर म्हणाल्या, मागे बस. मी म्हटलं, नाही. माझ्या शेजारी मी एक जागा धरते, पिशवी ठेवून. कोणी बसायला आलं की सांगते, ही सखूअक्काची जागा आहे. परवा भाऊसाहेब म्हणाले, "अगं, ती काही येणार नाही."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. ज्यांनी तिला उठवलं त्यांनी तिच्या दारात जाऊन बसावं. मी गेले. आता तुम्ही जा. तोवर ही जागा रिकामी राहील आणि मी इथून उठणार नाही."

त्यांनी पिशवी उचलायला हात पुढे केला. मी त्यांचा हात धरला. या वेळीही हात माझाच होता.