नोंदवहीतली मुलगी

आमच्या मानसशास्त्र विभागात आम्ही अडीच माणसं आहोत. एक विभागप्रमुख, एक मी आणि अर्धा अतिथी विद्वान. मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकाला असं भारदस्त नाव आहे. आमचा आठवड्यातून तीनच दिवस खंडव्याहून येतो, म्हणून अर्धा. एवढ्या बळावर आम्ही संशोधन करतो, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो आणि समाजकार्यही करतो. समाजकार्य म्हणजे जवळच्या निंबोला गावात जाऊन तणावमुक्त जीवनावर व्याख्यान देणं. गेल्या वर्षी केळीचे घड कापायची घाई चालू असताना मी ते भर सकाळी दिलं. ऐकायला बसवलेल्या चार बायांना तणाव होता तो माझाच.

मग फेब्रुवारीत मूल्यांकन समिती येणार असं कळलं आणि विभागाची पळापळ सुरू झाली. आमच्याकडे प्रत्येक प्राध्यापकावर वीस विद्यार्थी सोपवलेले असतात. त्यांना दर महिन्याला भेटायचं, अडचणी विचारायच्या आणि नोंदवहीत लिहायचं. माझी नोंदवही कोरी करकरीत होती. दोन रविवार बसून मी आठ महिन्यांच्या भेटी लिहून काढल्या. तीन वेगवेगळी पेनं वापरली. मानसशास्त्राची असल्यामुळे सगळ्यांना एकदम सुखी करून टाकलं नाही. कोणाला ऑगस्टमध्ये न्यूनगंड दिला आणि डिसेंबरपर्यंत काढूनही घेतला. तुकईथडच्या एका अबोल मुलीवर तर माझा हात विशेष चालला. 'वर्गात बोलायला घाबरते' इथपासून 'आता गटाचं नेतृत्व करते' इथपर्यंत मी तिला अशी चढवत नेली, की लिहिता लिहिता मलाच तिचा अभिमान वाटू लागला.

नोंदवही वाचून प्राचार्यांनाही वाटला. समितीसमोर हिलाच उभी करा, म्हणाले.

मी तिच्या मैत्रिणीला वर्गाबाहेर बोलावलं आणि निरोप द्यायला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मॅडम, वो तो दिवाळी के बाद आयीच नहीं. परीक्षेचा फॉर्म पण नाही भरला तिनं. उद्या लास्ट डेट आहे."

समितीचं काही अडत नव्हतं. दुसरी एखादी मुलगी उभी करता आली असती. (पुढे समितीने मावा जिलेबी खाल्ली, नोंदवहीची तारीफ केली आणि एकाही विद्यार्थ्याला न भेटता निघून गेली.) पण डिसेंबरात मी जिला नेता केलं होतं ती दिवाळीपासून घरी बसली होती, आणि उद्या फॉर्म गेला नाही तर तिचं शेवटचं वर्ष फुकट जाणार होतं. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की मी चिडते. तशीच चिडून मी एक कोरा फॉर्म पर्समध्ये टाकला आणि खकनारकडे जाणारी बस धरली.

तुकईथडला घर विचारत पोहोचले तेव्हा तिची आई अंगणात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची मोळी बांधत होती. वडील केळीच्या ट्रकबरोबर गेले होते. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मला बघून दारातच थबकली. कॉलेजातून आले, एवढंच सांगून मी बाजेवर बसले, फॉर्म काढून मांडीवर ठेवला आणि शिक्षणाचं महत्त्व, मुलींचा आत्मविश्वास वगैरे नेहमीचं सुरू केलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तसं नाई मॅडम," ती म्हणाली. "तिले शिकाची लई हौस हाय. पन तिनं माह्यावर काईतरी लिवलं व्हतं कॉलेजात. ते एका मॅडमनं सगळ्या पोरापोरींसमोर वाचलं अन् हासल्या. तवापासून जातच नाई. त्या मॅडम अजून तिथं असतील त मी बी नाई धाडत. तुमी सांगा, हायेत का त्या?"

दिवाळीच्या आधी मी वर्गाला घरातल्या एका व्यक्तीचा अभ्यास लिहायला दिला होता. त्यातल्या एका वहीतला परिच्छेद आवाज काढून वाचला होता आणि म्हटलं होतं, "ही केस स्टडी नाही, ही नौटंकी आहे." वर्ग खो खो हसला होता. वर्ग हसला की मला बरं वाटतं. वहीवरचं नाव मी वाचलं तरी होतं का, तेही आता आठवेना.

मुलगी तांब्या धरून उभी होती. तिने माझं नाव सांगितलं नाही. त्यांची बदली झाली, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. फॉर्म भरला गेला असता, मुलगी परीक्षेला बसली असती आणि मी पाचच्या बसने परत. खरं सांगितलं तर आई धाडणार नव्हती. एवढी सोयीची थाप माझ्या आयुष्यात दुसरी आली नसेल. पण त्या मुलीच्या तोंडाकडे बघून ती माझ्याने मारवेना.

"मीच ती," मी म्हणाले.

आईचे हात मोळीवर थांबले.

"मंग तुमी वाचलंच असन. काय लिवलं व्हतं माह्यावर? हे पोरगी त मले सांगतच नाई."

मला माझा विनोद शब्दन् शब्द आठवत होता. तिने लिहिलेलं काहीही आठवत नव्हतं. तसंही मी तेवढा एक परिच्छेदच वाचला होता.

"वाचून दाखवा," आई म्हणाली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. मुलगी नको नको म्हणत राहिली, पण आईने तिला आत पिटाळलं आणि वही माझ्या हातात आली.

मी पहिल्यापासून वाचलं. आई स्वयंपाक करताना मोठ्याने बोलते, असं मुलीने लिहिलं होतं. दिवसभरात ज्यांना उत्तर देता आलं नाही, त्यांना ती चुलीपुढे उत्तरं देते. जाऊबाईचं बोलणं जाऊबाईच्या आवाजात, पटवाऱ्याचं पटवाऱ्याच्या आवाजात, मग स्वतःचं. चुलीपुढे आई कधीच हरत नाही. बाहेर मात्र ती पदर तोंडात धरून उभी राहते.

पटवाऱ्याच्या प्रसंगाला आईने मला थांबवलं. "इतकं हळू नाई बोलली मी त्याले. वावर माह्या घामाचं हाय, असं बी म्हनलं व्हतं. ते राह्यलं हिचं."

मी शेवटपर्यंत वाचलं आणि वही मिटली.

"झालं?"

"झालं."

"मंग याच्यात तुमी हासल्या कुठी?"

मी पानं उलटून ती जागा काढली. वर्गात ज्या परिच्छेदाची मी नक्कल केली होती तो पुन्हा वाचला, साध्या आवाजात. अंगणात कोणी हसलं नाही. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही रागच आला.

आईने माझ्या मांडीवरचा फॉर्म उचलून मुलीच्या हातात दिला. "भर हे. उद्याच्या पैल्या बसनं जाय. अन् यांच्याच वर्गात पुढच्या बाकावर बस."

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि थेट माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आता हासून दाखवा."