काचेतली रोपं आणि आत्याचा हात

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पिरिटनं हात पुसत होतो. स्ट्रॉबेरीची इवली रोपं चिमट्यानं एका बाटलीतून दुसरीत लावायची होती, आणि त्यासाठी हात निर्जंतुक लागतात. निरोप ऐकून मी त्या हातांकडे पाहत राहिलो... महिना होत आला, अजून ते मला धड पाहवत नाहीत.

आई लवकर गेल्यामुळं मला आत्यानंच वाढवलं. आमचं खेडं येडशीजवळचं. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, पुढं ढोकीकडच्या फडात ऊस तोडायची. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या दुष्काळात विहिरीवर तिला पोहऱ्याला हात लावू देत नसत. कुणीतरी वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही हसत. "अर्धं घागरीत, अर्धं माझ्या डोक्यावर. दुष्काळात आंगूळ व्हायची बघ माझी!"

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या सरांनी मला एक बाटली घरी न्यायला दिली. कोंबाच्या कणभर तुकड्यापासून खळीसारख्या खाद्यावर वाढवलेली पाच रोपं तिच्यात होती. मी स्वतः भरलेली ती पहिलीच बाटली. आत्यानं ती उजेडाकडं धरली. "आरं, कोंडून घातलंस व्हय लेकरांना? वारं न्हाय, पानी न्हाय!" मी बाटली फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर कापसाचा बोळा ओला आणि रोपांच्या बुडाशी पांढरी बुरशी. सकाळीच तिनं बोळा काढून आत दोन थेंब पाणी सोडलं होतं. मी ओरडलो, "हात कशाला लावलास? तुझ्या हातानं सगळं नासलं!" शेजारच्या बायका दारातच होत्या. मी बाटली उकिरड्यावर फेकली. संध्याकाळी मी पाणी मागितलं, तर तिनं तांब्या माझ्या पेल्याला लागू न देता वरून धार धरली.

"हे काय गं?"

"तू शिकल्याला हाईस बाबा. तुझ्या भांड्याला नको माझा हात."

या वेळी ती हसली नाही.

सुट्टीनंतर सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सकाळी उघडली आणि दुपारी एवढी बुरशी? छे. ती आधीचीच. बाटली भरताना तुझाच हात चुकला असणार."

हे तिला सांगायचं होतं. पत्र लिहायला घेतलं, पण तिला वाचता येत नव्हतं. शेजारचंच कुणीतरी वाचून दाखवणार, म्हणून थांबलो. ओरडलो त्याच शेजाऱ्यांपुढं, आणि कबूल करायला मात्र मला एकांत हवा होता. उन्हाळ्यात घरी गेलो, तेव्हा एकांतही मिळाला. ती समोर शेंगा फोडत बसली होती, मी पावसाच्या गोष्टी करत राहिलो...

आता सांगायला ती नाही. मातीला गेलो, तेव्हा फळीवर माझी पुस्तकं नीट लावलेली होती, आणि त्यांच्याशेजारी ती बाटली, धुतलेली, नवा बोळा घातलेली. आत्याची मुलगी म्हणाली, "आई दर बाजारच्या दिवशी फळी पुसायची. पर तुझी वस्तू पदरानं धरूनच उचलायची. आमी हसायचो तिला."

मी बाटली खाली घेतली, दाराशी उजेडात नेली. काच लख्ख होती. आत्ता उमटलेले माझे सोडले, तर तिच्यावर बोटाचा एकही ठसा नव्हता.