वस्तादांची खुर्ची

आमच्या मालकांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. तरुणपणी बावड्याच्या तालमीत कुस्ती केली, नंतर तिथंच वस्ताद म्हणून पोरं शिकवली, त्यात गुडघ्यांची वाट लागली. आमची लेक हैदराबादला असते. तिनं तिथंच ऑपरेशन ठरवलं. याआधी दोनदा हे ऐनवेळी घरातूनच फिरले होते. या वेळी माघारी आले तर पुन्हा जायचे नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लेकीनं तिकिटाबरोबर चाकाची खुर्चीही सांगून ठेवली होती. कोल्हापूरच्या विमानतळाच्या दारात एक मुलगी ती घेऊन उभीच होती. तेवढ्यात तिथला पोलीस ओरडला, "वस्ताद! रामराम!" तो यांच्याच हाताखाली शिकलेला.

झालं. मालक ताठ झाले आणि त्या मुलीला म्हणाले, "खुर्ची हिच्यासाठी हाय. पोरीनं चुकून माझं नाव लावलंय."

मी धडधाकट बाई. पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून आलेली. मी काही म्हणायच्या आत मालक हळूच म्हणाले, "बस की गं गप. वस्तादाला ढकलत न्हेलं, हे सांजच्याला बावडाभर हुईल."

मी बसले. चारचौघांत मला बोलता येत नाही. एका बाईनं कीव करून विचारलं, "लकवा व्हय?" मी नुसती मान हलवली. मालक खुर्चीच्या दांड्यावर भार टाकून, मलाच सांभाळून नेल्यासारखे चालत होते. वर पोलिसाला म्हणाले, "बायकांची दुखणी, काय करणार!" माझी कानशिलं तापली.

विमानाजवळ मुलगी म्हणाली, "मावशींना आम्ही लिफ्टच्या गाडीतून वर नेतो. काका, तुम्ही जिन्यानं या."

मालकांनी पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा वर येईना. मागं रांग थांबली.

"चला की पावणं, विमान सुटंल!" कुणीतरी ओरडलं.

मालक वळले. "घरला जाऊया. आज मला बरं वाटंना."

आधी दोन्ही वेळा हेच म्हणाले होते.

मी ताडकन खुर्चीतून उठले. लकव्याचं विचारणारी बाई "अगं बया!" म्हणून मागं सरली.

"खुर्ची यांचीच हाय," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. "माझे पाय चांगले हाईत. यांचे गुडघे गेल्यात. यांना बसवा."

मालक डोक्यावरची टोपी सारखी करायला लागले.

"अवो, बसा. इथं पाठ टेकली तरी चालतंय."

बसले. टोपी डोळ्यांवर ओढून.

हैदराबादला उतरलो तर दोन खुर्च्या उभ्या. कोल्हापूरहून दोघांचंही कळवलेलं. मालक न सांगता एकीत बसले आणि मला म्हणतात, "बस की. फुकट हाय."

मी दुसऱ्या खुर्चीत पिशव्या ठेवल्या आणि पुढं चालायला लागले.