वळणावरचा लाल दिवा

भुताखेताचं नाव काढलं की मी चिडायचे. सुरतेत आम्ही बमरोलीला राहायचो. पुढच्या खोलीत नवऱ्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि चहूबाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. त्या आवाजात जिवंत माणसाचं बोलणं ऐकू यायची मारामार, मेलेल्याचं कुठून ऐकू येणार, असं मी शेजारणींना तोंडावर सुनवायचे.

पण त्या एका गाडीने माझीसुद्धा बोबडी वळवली. ते खोटं कशाला सांगू?

गाडी एका कापडवाल्या शेठची. परदेशी, पांढरी, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. माझा धाकटा भाऊ तिच्यावर ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा आई खानदेशातून पेढे घेऊन आली होती. पेढे संपायच्या आत कळलं की आधीचा ड्रायव्हर या गाडीपाशीच गेला. चलथाणच्या रस्त्यावर एक उजवं वळण होतं आणि वळणातच एक खड्डा. शेठ मागे डुलकी घेत होते. ड्रायव्हरने गाडी थांबवली, "शेठ, एक मिनिट," एवढंच म्हणाला, खाली उतरला आणि आपल्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी वाकला. मागून उसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. खेळ खलास. चाक पंक्चर नव्हतं, इंजिन बंद पडलं नव्हतं. भर वळणावर हा माणूस कशाला उतरला, याचा कुणालाच पत्ता लागला नाही.

आई लगेच म्हणाली, सोड ती नोकरी. मी तिला गप्प केलं. म्हटलं, माणसं काय घरात मरत नाहीत? म्हणून घरं सोडतो का आपण?

मग ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला आणि भाऊ एक दिवस जेवता जेवता हात थांबवून म्हणाला, "ताई, माले भ्याव वाटस." त्या वळणावर गाडी आली की समोर डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागतो. वळण संपलं की विझतो. दुसरीकडे कुठेच नाही. फक्त तिथेच.

"तुझ्या डोक्यात लागतो तो दिवा," मी म्हटलं. पण त्याचा चेहरा बघून मला पुढे बोलवेना. तो अर्धा झाला होता.

नवऱ्याने गाडी दुकानात घेतली. त्या गाडीच्या ब्रेक पॅडमध्ये एक बारीक वायर बसवलेली असे. पॅड झिजलं की ती वायर फिरत्या चकतीला घासायची, आणि लोखंडाचा स्पर्श झाला की पुढे लाल दिवा पेटायचा. म्हणजे पॅड बदला, असा इशारा. नवऱ्याने चाकं काढून पॅड बघितले, ते चांगले जाड होते. टेस्ट लॅम्प लावून जोड तपासले, ते ठीक. दुकानात गाडी शहाण्यासारखी उभी. काही म्हणता काही नाही.

"वायर कुठेतरी बॉडीला लागतेय," नवरा म्हणाला. "पण चालत्या गाडीत. बसून बघायला पाहिजे."

नवऱ्याच्या हातात दुसरी गाडी उघडी पडली होती, म्हणून मीच भावाशेजारी बसले. दिवस मावळायला आला होता. चलथाण जवळ आलं तसा साखर कारखान्याच्या मळीचा तो गोडूस, आंबूस वास काचा बंद असूनही आत शिरला. भाऊ इतका वेळ बडबडत होता, त्याने आता स्टेअरिंग घट्ट धरलं. समोर वळण. त्याने स्टेअरिंग उजवीकडे घेतलं, गाडी खड्ड्यात दबली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो दिवा लागला. लालभडक.

पण खरी घाबरले ते पुढचं बघून. भावाचा पाय ब्रेकवर गेला, गाडी मंदावली, आणि त्याचा उजवा हात दाराची कडी चाचपायला लागला. नजर समोर, आणि हात आपला कडीवर.

"अरे ए! काय करतोस?" मी त्याच्या खांद्यावर फटका मारला.

तो दचकला. मागे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. त्याने गाडी पुढे काढली, बरंच अंतर गेल्यावर कडेला घेतली आणि म्हणाला, "दर वेळी असंच होतं, ताई. उतरून चाक बघावं वाटतं. कोणीतरी उतर म्हणतं असं वाटतं." आणि लहान पोरासारखा रडायला लागला. त्या दिवशी मला कळलं, प्रश्न नोकरीचा राहिला नव्हता. हा एक दिवस तिथे उतरणार होता आणि आईला मी काय तोंड दाखवणार होते!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गाडीला भिडलो. भावाला आत बसवून नवऱ्याने स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे घ्यायला लावलं आणि स्वतः पुढच्या मडगार्डवर सगळा भार टाकून गाडी दाबली. खड्ड्यात दबते तशी. भाऊ आतून ओरडला, "लागला! लागला!" नवरा उठला, दिवा विझला. बसला, लागला.

"आता तू," नवरा मला म्हणाला. माझा हात बारीक. चाक आणि पत्रा यांच्या फटीत त्याचा पंजा कधी जायचा नाही, माझा जायचा. मी वायर चाचपत कोपरापर्यंत हात घातला. वर, चाक काढूनही नजर पोचत नाही अशा अंधारात, सुकलेली बोटं लागावीत तसं काहीतरी हाताला लागलं. पाच-सहा, वेडीवाकडी, एकमेकांना चिकटलेली. मी किंचाळून हात बाहेर काढला. नवरा हसला. मग बॅटरी मारून त्याने आत बघितलं आणि त्याचं हसणं बंद झालं.

आत लोखंडी तारेत ओवलेले बिब्बे, लिंबू आणि मिरच्या होत्या. एक माळ नाही, कितीतरी. दृष्ट लागू नये म्हणून शनिवारी गाडीला बांधतात तशा. पण त्या बाहेर, लोकांच्या डोळ्यांसमोर बांधतात. इथे कुणीतरी चाकामागे दडवून बांधल्या होत्या, त्याही ब्रेकच्या वायरीचाच आधार घेऊन. जुन्या माळा काळ्याठिक्कर, दगड झालेल्या. आणि सगळ्यात वरची ताजी. लिंबू पिवळंधमक, मिरच्या अजून हिरव्या.

"मी नाही बांधली," भाऊ म्हणाला. "आईशप्पथ, ताई, मी नाही."

मग कोणी? मेलेला माणूस दर शनिवारी येऊन गाडीची दृष्ट काढतो की काय! नवऱ्यासमोर मी हे बोलले नाही.

नवरा मात्र वायर निरखत होता. माळेच्या लोखंडी तारेने घासून घासून वायरचं कव्हर खाल्लं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. चाक उजवीकडे वळून दबलं की तारेचं टोक त्या तांब्याला टेकायचं आणि दिवा लागायचा. "हे आजचं नाही," तो म्हणाला. "एवढं कव्हर झिजायला वर्षसुद्धा गेलं असेल. आधीच्या ड्रायव्हरलाही दिवा दिसत असणार."

तो हे अगदी सहज बोलून गेला. तो बिचारा वळणावर कशाला उतरला, आपल्या बाजूच्या चाकापाशी कशाला वाकला, ते आम्हाला त्या क्षणी कळलं.

नवऱ्याने माळा कापून काढल्या. वायरचा खराब तुकडा तोडला, नवा जोडला, सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवून टेप मारली आणि वायर चाकापासून लांब, क्लिपमध्ये बसवली. संध्याकाळी भाऊ वळणावरून जाऊन आला. दिवा लागला नव्हता. तो पोटभर जेवला.

पण मला चैन पडेना. शनिवारी सकाळी मी भावाबरोबर शेठच्या बंगल्यावर गेले, रोजच्यापेक्षा लवकर. पोर्चमध्ये गाडी उभी होती आणि उजव्या चाकाशी एक बाई गुडघ्यावर बसलेली. पाठमोरी, पदर डोक्यावर, हात खांद्यापर्यंत आत घातलेला. ती आत काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं.

"कोण गं ती?" मी ओरडले.

तिने वळून बघितलं. दुसऱ्या हातात ताजी माळ. भाऊ माझ्या कानाशी पुटपुटला, "मावशी आहेत. इथलं झाडू-भांडी करतात." आणि मग आणखी हळू, "त्या ड्रायव्हरची बायको."

रोज सकाळी ती भावाला चहा द्यायची. मराठवाड्याकडची. बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायची, नवरा असल्यापासून.

"तुमी काढलं का ते?" तिने विचारलं. चोरी पकडल्यासारखी नाही, घाबरून. "काढू नका वो. शेठला गाडीला असलं बांधलेलं आवडत न्हाई, म्हून आत बांधते. ह्यांच्या टायमाला बी बांधायची, ह्यांना सुदिक म्हाईत नव्हतं. त्या शनवारी मला ताप होता. राह्यलं बगा माझ्याकून. आन् त्याच शनवारी..." तिने भावाकडे बघितलं. "ह्या लेकराला तरी काई होऊ नये."

तोंडात आलेलं बोलून मोकळं व्हायचं, हा माझा जन्माचा स्वभाव. त्या सकाळी सगळं तोंडाशी आलं होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता.

"तार नको," मी म्हटलं. "तार चाकाला लागते. सुती दोऱ्यात ओवा, आणि इथे नको, मागे डिकीत ठेवा. शेठच्या दृष्टीस पडणार नाही."

"लोखंड नसलं तर चालतं व्हय?"

"चालतं की. आमच्या खानदेशात दोऱ्यातच ओवतात." साफ खोटं होतं.

तिने ऐकलं. आतून सुईदोरा आणला, पायरीवर बसली आणि बिब्बा, लिंबू, मिरच्या एकेक करून दोऱ्यात ओवायला लागली. मध्येच सुई थांबली. मान वर न करता तिने विचारलं, "मग ह्यांच्या टायमाला बी दोऱ्यातच ओवायला पायजे हुतं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "तेव्हा काही फरक पडला नसता."

तिने मान हलवली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं माझ्यापुढे धरली. गाठ मी मारली.