ह्यांना अर्धशिशी हवी होती

माझं डोकं लग्नाआधीपासून दुखतं. महिन्यातून एखाददुसऱ्या दिवशी डावा डोळा कोणीतरी आतून अंगठ्याने दाबल्यासारखा होतो, कपाळात ठोके पडायला लागतात आणि मी शहाद्याच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत, खिडकीला चादर लावून पडते. तेवढा वेळ सासूबाई टीव्ही बंद ठेवतात, कूकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीत.

आमचे हे धडगावच्या कचेरीत नोकरीला. शनिवारी जीपने घाट उतरून घरी आले की ही सामसूम बघून म्हणायचे, "डोकं तं मन्हं बी दुखस."

खोटं नव्हतं ते. पण दुखत्या डोक्याने ते दोन भाकरी खायचे, बातम्या बघायचे, शेजाऱ्याशी उसावरून वाद घालायचे. त्यामुळे त्यांच्या डोक्याला घरात काही मान नव्हता, आणि ते त्यांना लागायचं.

एकदा माझ्या उलट्या थांबेनात, तेव्हा हेच मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. तेवढ्यात ह्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, माझंही डोकं दुखतं."

"दोघंही हाताने दाखवा, कुठं दुखतं ते," बाई म्हणाल्या.

मी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. ह्यांनी दोन्ही हात कपाळापासून मागे नेले, फेटा बांधावा तसे.

"जिना चढलात की वाढतं?"

"नाही."

"फोडणीच्या वासाने मळमळतं?"

"नाही. भूक लागते."

बाईंनी ह्यांची मान आणि खांदे चाचपले. ते दगडासारखे झाले होते. "तुमचं ताणाचं दुखणं," त्या म्हणाल्या. "सगळ्या डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होतं, पण माणूस कामं करू शकतो. यांची अर्धशिशी. बहुतेक वेळा एका बाजूला, ठोके पडल्यासारखं, हललं की वाढणारं. उजेड नको, आवाज नको. आत्ताही यांचा चेहरा बघा, कसा पांढराफटक पडलाय." मग दोघांकडे बघून म्हणाल्या, "मात्र कधी डोकं एकदम, पूर्वी कधीच दुखलं नाही असं दुखलं, बोबडी वळली किंवा हातपाय लुळे पडले, तर घरी थांबायचं नाही."

घरी येईपर्यंत ह्यांचा परीक्षेत नापास झाल्यासारखा चेहरा. बायको पास झाली होती, हे आणखी वाईट.

पण माणूस अभ्यासू. पुढच्याच शनिवारी आले ते डावा डोळा बारीक करून, भिंतीला धरून. "उजेड सहन व्हत नही," म्हणाले आणि थेट माझ्या खोलीत जाऊन आडवे झाले. उशीही माझीच घेतली. मी दाराशी उभी राहून बघत होते. नक्कल चांगली होती. माझं विव्हळणंसुद्धा हुबेहूब उचललं होतं. फक्त गाल गुलाबी होते.

डॉक्टरीणबाईंचे प्रश्न मी सासूबाईंना आधीच सांगितले होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तेल तापत ठेवलं. त्या दिवशी त्यांनी कढीला लसूण आणि लाल मिरचीची अशी फोडणी दिली की मलाच ठसका लागला. माझी अर्धशिशी तेव्हा उठलेली असती तर मी मोरीकडे धावले असते. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो.

थोड्या वेळाने आतून बारीक आवाज आला. "माय, फुनका बी करेल शेतस का?" कढीसोबतचे ते वाफवलेल्या डाळीचे मुटके ह्यांना फार आवडतात.

"करेल शेतस. पन तुले तं जेवन जावाव नही."

खाट करकरली. मग, "दोन दी जाय. मी इठेच खास."

सासूबाईंनी ताट भरलं, पण आत नेलं नाही. "गच्चीवर ठेवस, तठे वारा शे," म्हणाल्या आणि निघाल्या. हे त्यांच्या मागोमाग जिना चढून गेले, दोन-दोन पायऱ्या टाकत. वरून सासूबाईंचा आवाज आला, "हाई तुन्हं डोकं अर्धशिशीनं नही शे रे."

त्यानंतर नक्कल थांबली. पण अभ्यास काही वाया गेला नाही, हे मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कळलं.

थंडीतली सकाळ होती. पायात घुंगरू बांधलेला एक पांढरा घोडा ताशाच्या ठेक्यावर नाचत होता, आणि मला फार मजा येत होती. एवढ्यात ह्यांनी माझा दंड धरला.

"चाल, घर जाऊत."

"का? मी बरी शे."

"नही. तू मघापासून जांभया दी ऱ्हायनी. मान चोळी ऱ्हायनी. आनि जिलेबीनी आठवन दोनदाव काढी. तुले गोड आवडत नही."

मला राग आला. एवढ्याशा गोष्टीवर इतका राग यावा, हेही त्यांनी बोट दाखवून सांगितलं. "हाई बी व्हस, दुखाना आधी." माझ्यासारखं दुखणं जमावं म्हणून मला महिनोन्‌महिने न्याहाळत असताना, मला स्वतःलाच न दिसलेल्या खुणा त्यांनी टिपल्या होत्या. मी गोळी घेतली. घरी पोचेपर्यंत डावीकडे ठोके सुरू झालेच, पण हलके. त्या दिवशी उलटी झाली नाही. संध्याकाळी मी उठून चहा घेतला, आणि तो ह्यांनी केला होता.

आता माझ्या जांभयांवर घरात पहारा असतो. परवा रविवारी शेजारीण भावजयीचं गाऱ्हाणं सांगत बसली होती, मला जांभई आली, आणि बाहेरून हे म्हणाले, "ऊठ, गोळी ली ले, पडी जाय."

डोकं ठणठणीत होतं. पण गाऱ्हाणं अजून अर्धंही झालं नव्हतं. मी कपाळावर हात ठेवला आणि आत गेले.